बोगदेकरांनी पाहिलेला तडा

सहलीच्या सहाव्या दिवशी सकाळी हॉटेलच्या जेवणघरात बोगदेकरांनी पावाच्या दोन तुकड्यांना लोणी लावलं, ते तसेच बशीत ठेवले आणि आपला डावा गुडघा दुखत असल्याचं जाहीर केलं. दुखणं त्यांनी विचार करून निवडलं होतं. ताप म्हणावा तर कोणीही कपाळाला हात लावून बघितला असता. पोट म्हणावं तर आदल्या दिवशीचं त्यांचं जेवण सगळ्यांनी पाहिलं होतं. गुडघ्याचं तसं नसतं. साठीनंतर माणसाच्या गुडघ्यावर सहसा कोणी अविश्वास दाखवत नाही.

पण समोर डॉक्टर बसले होते. डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. कुठं दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं ओळखण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती, त्यामुळे जो तोंडानं सांगतो त्याच्यावर त्यांचा विश्वास कमी. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बोगदेकरांचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, बैलाचा खूर बघावा तसा वरून-खालून बघितला, गुडघा दोनदा दुमडला, एकदा पिळला आणि पाय खाली सोडून दिला.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "खा आणि उठा."

तिसरे होते मास्तर. हायस्कुलात इतिहास आणि मराठी शिकवून निवृत्त झालेले. सहल त्यांच्या डोक्यातून निघालेली. युद्धात वरून बॉम्ब पडत असताना परदेशातल्या एका गावानं जमिनीखाली भुयारं खणली आणि दोन वर्षं अख्खं गाव शाळा, दवाखाना, चुली यांच्यासकट तिथं राहिलं, हे त्यांनी वर्गात इतक्या वेळा सांगितलं होतं, की आपण ते कधी पाहिलेलंच नाही याची त्यांना आता लाज वाटू लागली होती. तिघं एकाच इमारतीत राहायचे, रोज सकाळी बरोबर फिरायला जायचे. अशाच एका सकाळी मास्तर म्हणाले होते, की आपल्यात बोगद्याचा माणूस असताना आपण नाही जायचं तर कोणी जायचं.

बोगद्याचा माणूस म्हणजे बोगदेकर. त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं आणि आता फक्त तिथंच उरलं होतं. तरुणपणी ते एका धरणाच्या बोगद्यावर ड्राफ्ट्समन होते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबानं त्यांना बोगदा दाखवायला नेलं. वीस पावलं आत गेल्यावर त्यांची छाती आवळली, कानात शिट्टी वाजू लागली, आणि डोळे उघडले तेव्हा ते बाहेर उन्हात मुकादमाच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेले होते. साहेब भला माणूस. त्यानं त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये ड्रॉइंगच्या टेबलाशी बसवून दिलं. पुढची अकरा वर्षं बोगदेकरांनी त्या बोगद्याचे शेकडो नकाशे काढले. बोगद्यात पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

खोटं असं ते कधी बोलले नव्हते. एका वर्षी बोगद्याचं छत कोसळून सात मजूर आत अडकले होते. मुकादमानं त्यांना बाहेर काढलं आणि चौकशीसाठी लागणारा नकाशा बोगदेकरांनी काढला. पहिल्यांदा ही हकिगत सांगताना त्यांनी मुकादमाचा उल्लेख केला होता. ऐकणाऱ्यांनी 'हं' म्हटलं आणि भाजीचा विषय काढला. पुढच्या वेळी 'मुकादमानं' जाऊन 'आम्ही' आलं. त्यानंतर 'आम्ही'ही गेलं आणि 'सात माणसं बाहेर काढली' एवढंच राहिलं. मराठी भाषा या बाबतीत फार सोयीची. कर्ता गाळला तरी वाक्य पडत नाही. ऐकणारा आपल्या मनानं कर्ता घालून घेतो, आणि समोर बसलेला माणूस त्याला त्यासाठी सगळ्यात जवळचा पडतो. लोकांच्या बोलण्यातल्या विभक्तीच्या चुका काढणाऱ्या मास्तरांना हा कर्ता हरवलेला कधी कळला नाही. उलट दरवर्षी ते बोगदेकरांना शाळेत बोलवायचे आणि मुलांसमोर उभं करायचे.

खरं काय ते फक्त बोगदेकरांच्या बायकोला माहीत होतं. लिफ्टचं दार बंद झालं की नवरा आपलं मनगट धरतो, हे लग्नाच्या पहिल्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं होतं. सहल ठरली तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, की एक तर मुकाट्यानं जा, नाही तर त्या दोघांना खरं सांगा, मला मध्ये घालू नका. बोगदेकर रोज 'उद्या सांगतो' म्हणत होते. तळं बघितलं, राजवाडा बघितला, फुलांचा बाजार बघितला. पण बोगदेकरांना त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना सगळीकडे सहावा दिवस दिसत होता. आणि आता तो उजाडला होता. गुडघ्याचा निकाल लागल्यावर त्यांनी शेवटचा उपाय म्हणून शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती भुयारात उतरणार नव्हती; तिला एकटीला वर सोडून जाणं बरं दिसत नाही, असं त्यांनी म्हणून बघितलं.

"माझं काही नाही," ती म्हणाली. "बाहेर बाक असेल. मी बसेन."

भुयारांच्या तोंडाशी एक बुटकी इमारत होती. तिच्यात कडक प्लास्टिकच्या टोप्या टांगलेल्या, रबरी बुटांच्या जोड्या ओळीनं लावलेल्या, आणि एका बाजूला माहिती देणारी बाई. पन्नाशीची, ठेंगणी, पायात चिखलानं माखलेले बूट. ती मोडकं इंग्रजी बोलत होती आणि मास्तर त्याहून मोडकं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. मास्तरांनी तिला काय सांगितलं ते बोगदेकरांना नीट ऐकू आलं नाही, पण बोट त्यांच्याकडे होतं, आणि त्यात 'सात' हा आकडा दोनदा आला. बाईचा चेहरा बदलला. ती पुढे आली, तिनं बोगदेकरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला, त्यांच्या डोक्यावर नुकतीच चढवलेली पांढरी टोपी काढली आणि खिळ्यावरची पिवळी टोपी आणून घातली. पिवळी टोपी तिची आणि तिच्या सहकाऱ्यांची असायची. पाहुण्यांना पांढरी.

त्यांच्याबरोबर आणखी पाच परके प्रवासी होते. एक नवराबायको, त्यांच्या दोन मोठ्या मुली आणि एक एकटाच आलेला उंच गृहस्थ. सगळ्यांनी पिवळ्या टोपीकडे आदरानं पाहिलं. बाईनं बोगदेकरांना आपल्या लगेच मागे उभं केलं. मागे उभं राहून हळूच मागल्या मागे निसटायचा जो बेत त्यांनी रस्त्यात आखला होता, तो तिथंच संपला. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती बाकावर बसली होती आणि पिशवीतून चष्मा काढत होती.

आत वीस पावलांपर्यंत बोगदेकर मोजत होते. एकविसाव्या पावलाला त्यांनी डोळे मिटले आणि बाईच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरला. बाईला वाटलं, हा अनुभवी माणूस, अंतर राखण्याची ही त्यांची पद्धत असणार. तिनं मागच्यांनाही तसंच धरायला सांगितलं. अशी सगळी रांग एकमेकांना धरून जमिनीखाली उतरू लागली. भिंती दोन्ही खांद्यांना घासत होत्या. छत इतकं खाली, की टोपी मधूनमधून खट्ट वाजायची, आणि प्रत्येक खट्टला बोगदेकर पट्टा आणखी घट्ट धरायचे. दर दहा पावलांवर एक मिणमिणता दिवा होता. बाई सांगत होती, इथं पोरं शाळेत बसायची, इथं बाळंतपणं व्हायची, इथून धूर तीन वळणं घेऊन वर सोडायचे म्हणजे विमानातून दिसायचा नाही. मास्तर मागून ते मराठीत सांगत होते आणि त्यांचा गळा भरून येत होता. बोगदेकरांचाही आला होता, वेगळ्या कारणानं.

मास्तर मधूनच विचारायचे, "बोगदेकर, ही माती कुठली म्हणायची?" बोगदेकर डोळे न उघडता म्हणायचे, "कठीण." मास्तर ते सगळ्यांना इंग्रजीत सांगायचे आणि मागून तो उंच गृहस्थ वहीत लिहून घ्यायचा.

दवाखान्याच्या खोलीपाशी बाई थांबली. ही खोली जरा मोठी, दहा माणसं बसतील एवढी, भिंतीला लागून मातीचेच ओटे. तिनं छताकडे दिवा धरला. तिथं एक तडा होता, हातभर लांब, केसाएवढा बारीक. बाईनं विचारलं, की आपण यातले जाणकार आहात तर सांगा, हा तडा जुना आहे की काळजी करण्यासारखा. ती खरंच विचारत होती. तिच्या आजीला याच ओट्यावर मूल झालं होतं, तेवढ्यात तिनं सांगूनही टाकलं.

बोगदेकरांनी डोळे उघडले. त्यांना तडा दिसला, आणि तड्यात बाहेर पडायचा रस्ता दिसला. अकरा वर्षांत वीस पावलांपलीकडे बोगद्यात न शिरलेल्या त्या माणसानं मान वर करून क्षणभर पाहिल्यासारखं केलं आणि म्हटलं, "हे धोक्याचं आहे. सगळ्यांनी लगेच बाहेर पडलं पाहिजे."

मास्तरांनी त्याचं इंग्रजी केलं. बाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं कंबरेची वॉकीटॉकी काढली, आपल्या भाषेत घाईघाईनं काही सांगितलं, पलीकडून काही ऐकलं, आणि मग सगळ्यांना ओट्यांवर बसायला सांगितलं. तिथला नियम असा होता, की कुठल्याही भागात छताचा धोका कोणी जाणकारानं सांगितला, तर त्या भागाची दोन्ही टोकांची दारं बंद करायची, वीज तोडायची, आणि तपासनीस येऊन वाट मोकळी आहे असं म्हणेपर्यंत कोणीही हलायचं नाही. लोक घाबरून अरुंद वाटेनं धावले तर जास्त माणसं मरतात, हे त्या गावाला युद्धातच कळलं होतं. तपासनीस शहरातून यायचा. तासभर लागला असता, फार तर दीड.

हे मास्तरांनी मराठीत सांगून संपवलं आणि दिवे गेले. बाईच्या टोपीवर तेवढी बॅटरी होती. सगळ्यांना बसवून, घाबरू नका, तुमच्यात जाणकार माणूस आहे, असं म्हणून ती दार नीट लागलं का ते बघायला गेली, आणि उजेडही घेऊन गेली.

यापुढचं बोगदेकरांना सलग आठवत नाही. अंधार असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोटानं चाचपून बघावं लागत होतं. त्यांनी ते दोनदा चाचपलं. आपण स्वतःच्या तोंडानं स्वतःला गाडून घेतलं, हे त्यांना कळत होतं, आणि त्यावर रागावण्याइतका श्वासही उरला नव्हता. कानातली ती जुनी शिट्टी सुरू झाली. अंगावरचा शर्ट निथळू लागला. त्या परक्या बाईची धाकटी मुलगी हुंदके देऊ लागली, तिचा बाप तिला काही समजावत होता, आणि बोगदेकरांना वाटलं, की हिला तरी निदान खरं सांगावं. मरायचं तर खोटं बोलून मरू नये.

"मास्तर," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "त्या तड्याला काही झालेलं नाही. मला त्यातलं काही कळत नाही. मला फक्त बाहेर जायचं होतं."

अंधारात मास्तरांचे बूट जमिनीला घासल्याचा आवाज आला.

"मी आयुष्यात कधी बोगद्यात गेलेलो नाही. पहिल्या दिवशी वीस पावलं गेलो आणि बेशुद्ध पडलो."

"आणि ती सात माणसं?"

"माणसं मुकादमानं काढली. मी नकाशा काढला."

बोगदेकर वाट बघत होते. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि आता शिव्या आल्या असत्या तरी त्यांना चाललं असतं. मग मास्तर खाकरले आणि इंग्रजीत मोठ्यानं सांगू लागले, की मित्रहो, ऐका, आमचे हे स्नेही म्हणताहेत की तडा किरकोळ आहे, आणि आपली भीती जावी म्हणून ते स्वतःच घाबरल्याचं सोंग करताहेत, मोठ्या माणसांची हीच रीत असते. परक्या नवराबायकोंनी टाळ्या वाजवल्या. धाकटी मुलगी हुंदके द्यायची थांबली. उंच गृहस्थानं अंधारातच वही उघडल्याचा आवाज आला.

बोगदेकरांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा स्पष्ट, मुकादमाच्या नावानिशी, शेडच्या पत्र्यासकट. आवाज फाटला, मधेच ते रडलेसुद्धा. मास्तरांनी तेही इंग्रजीत सांगितलं आणि या वेळी टाळ्या जास्त वेळ वाजल्या. डॉक्टर मात्र सुरुवातीपासून एक अक्षर बोलले नव्हते.

दारापाशी थांबलेल्या बाईला घेऊन तपासनीस सव्वा तासानं आला. तरुण होता, हातात लोखंडी सळई आणि मोठा दिवा. त्यानं सगळ्यांना खोलीच्या बाहेर, वळणापाशी उभं केलं, मग तड्याशेजारी सळईनं हलकेच ठोकलं. ठक्क असा आवाज यायला हवा होता, तो भद्द असा आला. दुसऱ्यांदा ठोकल्यावर भाकरीएवढं मातीचं ढेकूळ सुटलं आणि मघाशी धाकटी मुलगी बसली होती त्या ओट्यावर पडून फुटलं.

सगळे मागे सरकले. सगळ्यात जास्त मागे सरकलेले बोगदेकर होते.

बाहेर उजेडात आल्यावर परक्या बाईनं त्यांचा हात आपल्या डोळ्यांना लावला. तपासनीसानं कागद पुढे केला आणि धोका प्रथम कोणाच्या लक्षात आला त्या रकान्यात त्यांची सही घेतली. सही करताना त्यांनी खरं आडनाव लिहायला घेतलं आणि दुसऱ्या अक्षरावरच अडले. मास्तर तेवढ्यात बोगदेकरांच्या बायकोला सगळं सांगत होते. तिनं चष्मा काढला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मास्तर, ते आत बोलले ते खरं आहे. हे लिफ्टलासुद्धा घाबरतात."

मास्तर तिच्याकडे कणव येऊन बघत राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "घरच्या माणसाला घरात किंमत नसते म्हणतात, ते आज पटलं." तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

मग भुयारांचे व्यवस्थापक आले. म्हातारे, सदऱ्याच्या खिशाला पेन लावलेले. त्यांनी आणखी एक गोष्ट मास्तरांना सांगितली. या भुयारांच्या खाली आणखी एक मजला होता. लोकांसाठी कधीच उघडला नव्हता, कारण तिथं रांगत जावं लागायचं. उद्या सकाळी दहा वाजता पाहुण्यांनी तो बघून त्याच्या छताबद्दल आपलं मत द्यावं, अशी गावाची विनंती होती. गावाला तो मान वाटला असता. बोगदेकरांनी नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली होती, पण मास्तर तोवर होकार देऊन बसले होते, आणि तोही तिघांच्या वतीनं.

रस्त्यापलीकडे एक लहानसं कॉफीचं दुकान होतं. मास्तर वहिनींना घेऊन समोरच्या दुकानात भुयारांच्या फोटोंची पुस्तकं बघायला गेले. बोगदेकर आणि डॉक्टर एका गोल टेबलाशी बसले. बोगदेकरांच्या पुढ्यातली कॉफी निवत चालली होती. उद्या सकाळी आजारी पडायचं तर कशानं, याचा ते विचार करत होते. गुडघा वापरून झाला होता. विमान लवकर पकडता येईल का, पासपोर्ट हरवता येईल का, इथपर्यंत विचार गेला होता.

डॉक्टर बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत होते. मग एकदम म्हणाले, "मला कळलं होतं."

"काय?"

"आत बोलत होतास ते. खरं होतं."

तीस वर्षांच्या शेजारात डॉक्टर त्यांना कधी अरे-तुरे बोलले नव्हते. बोगदेकर त्यांच्याकडे बघत राहिले.

"जनावर खरं ओरडतंय की खोटं, एवढं मला कळतं," डॉक्टर म्हणाले. "पण त्या वेळी तुझं खरं मानणं मला जमणारं नव्हतं. मीही घाबरलो होतो. सगळ्यात पुढचा माणूसही घाबरलाय असं तिथं कबूल केलं असतं, तर मी उठून पळालो असतो आणि त्या पोरीला तुडवून गेलो असतो. म्हणून गप्प बसलो. सगळे टाळ्या वाजवत होते, मी पण वाजवल्या."

बोगदेकरांना हायसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. त्यांनी पुढे झुकून सांगितलं, की मग आता आपण दोघं मिळून मास्तरांना सांगू, दोघांनी सांगितलं तर ते ऐकतील, आणि उद्याचं रद्द करू.

डॉक्टरांनी खिडकीतून पलीकडे पाहिलं. मास्तर पुस्तकांच्या दुकानाच्या दाराशी उभे राहून वहिनींना पुस्तकातलं एक चित्र दाखवत होते. हाताचे कोपर जमिनीला टेकवून कसं रांगायचं, ते बहुधा. ते इतके खूश शाळेच्या निरोपसमारंभातही दिसले नव्हते.

"त्यांना कोण सांगणार?" डॉक्टर म्हणाले. "मला नाही जमणार. आणि त्यांना एकट्याला खाली सोडणंही मला जमणार नाही. म्हणून म्हणतो, उद्या दुपारपर्यंत तू जाणकारच राहा. मग काय ते खरं सांग."

"अरे, पण मला काही येत नाही."

"ते मला माहीत आहे. पुढे कोणीतरी असलं म्हणजे झालं."

बोगदेकरांनी कॉफीचा कप उचलला, न पिता खाली ठेवला. खोटं बोलायला आजवर त्यांना कोणी विनंती केली नव्हती. नाही म्हणावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. समोर डॉक्टर होते, माजलेल्या वळूच्या शिंगाला हात घालणारे, आणि ते कपाळावरचा घाम रुमालानं टिपून तो रुमाल घाईनं खिशात लपवत होते.

"बरं," बोगदेकर म्हणाले. "पुढे मी."

दुकानात कॉफी आणून देणारी मुलगी टेबलाशी आली. दोघांचे गुडघे टेबलाला टेकलेले होते, दोन्ही कप बशांमध्ये खुळखुळत होते आणि चमचे नाचत होते. तिनं खाली वाकून पाहिलं, टेबलाचा एक पाय आखूड असावा असं ठरवलं, आणि वर्तमानपत्राचा कागद चार घड्या करून त्या पायाखाली सरकवला. टेबल हलतच राहिलं. तिनं माफी मागितली आणि आणखी कागद आणायला आत गेली.